आयव्ही हाउस: गिऱ्हाइकांचं मत आणि एका पबची मालकी

लंडनच्या आग्नेय भागात, पेकहॅमला लागून, ननहेड नावाची वस्ती आहे. तिथल्या स्ट्युअर्ट रोडवरचा 'आयव्ही हाउस' हा पब एप्रिल २०१२ मध्ये त्याच्या मालक कंपनीने, एंटरप्राइज इन्सने, मोजक्या दिवसांची सूचना देऊन बंद केला. इमारत विकून तिथे फ्लॅट काढायचे, असा बेत होता. सोळा महिन्यांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये, तोच पब पुन्हा उघडला. तेव्हा त्याचे मालक होते ३७१ भागधारक. सहकारी मालकीचा लंडनमधला पहिला पब म्हणून तो ओळखला जातो.

नियमित येणाऱ्या प्रत्येकाचं आपल्या पबबद्दल काही ना काही मत असतं. बिअर कशी होती, काउंटरवरच्या माणसाने ओळख दिली का, गाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत होतं का, भाव किती वाढले. मालक काउंटरमागे उभा असेल तर ही मतं त्याच्या कानावर पडतात आणि तो काहीतरी करतो, किंवा करत नाही आणि गिऱ्हाईक गमावतो. आयव्ही हाउसचा मालक काउंटरमागे नव्हता. ती हजारो पबांची कंपनी होती. तिच्या हिशेबात जागेच्या किमतीला जे स्थान होतं, ते बिअरच्या चवीला नव्हतं. अशा मालकापुढे गिऱ्हाइकांच्या मताला वजन कसं आलं, यासाठी हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखं आहे.

ग्लासातलं मत

आधी बिअरकडे पाहू, कारण पारंपरिक पबबद्दलची निम्मी मतं तिच्यावरूनच बनतात.

रिअल एल ही पिंपात जिवंत राहिलेली बिअर असते. ब्रुअरीतून निघताना तिच्यात यीस्ट असतं आणि पबच्या तळघरात, ज्या पिंपातून ती ग्लासात यायची त्याच पिंपात, तिचं दुसरं आंबणं चालू राहतं. ती गाळलेली नसते, पाश्चराइझ केलेली नसते, आणि तिला वर ढकलायला बाहेरून गॅस सोडलेला नसतो. काउंटरवरच्या हातपंपाची लांब मूठ ओढली की ती तळघरातून वर येते.

१९६०च्या दशकात मोठ्या ब्रुअऱ्यांनी ही बिअर मोडीत काढायला घेतली होती. त्यांना केग बिअर हवी होती: गाळलेली, गॅसवर चालणारी, टिकाऊ, कुठल्याही पबमध्ये एकसारखी लागणारी. वॉटनी या ब्रुअरीची रेड बॅरल हे तिचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. १९७१ मध्ये आयर्लंडच्या केरी परगण्यात डनक्विन गावी सुट्टीला गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी याविरुद्ध संघटना काढायचं ठरवलं. तीच पुढे 'कॅम्पेन फॉर रिअल एल', म्हणजे कॅमरा, झाली. तिच्या १९७४ च्या 'गुड बिअर गाइड'मध्ये वॉटनीच्या बिअरपासून 'प्लेगसारखं दूर राहा' असा सल्ला छापला गेला होता आणि तो शेरा बदलून सौम्य करावा लागला. साध्या पिणाऱ्याच्या मताची मोठ्या कंपन्यांना दखल घ्यावी लागते, हे ब्रिटनमध्ये या चळवळीने दाखवून दिलं.

आजही कॅमराचे सभासद पबमधल्या बिअरला शून्य ते पाच असे गुण देतात. शून्य म्हणजे पिण्यालायक नाही, तीन म्हणजे चांगली, पाच म्हणजे निर्दोष. गाइडमध्ये कोणता पब घ्यायचा हे ठरवताना स्थानिक शाखा या गुणांचा आधार घेतात. मला ही पद्धत नेहमीच्या ताऱ्यांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते. गुण त्या दिवशीच्या, त्या ग्लासातल्या बिअरला दिले जातात. वेटर हसला नाही म्हणून ते घटत नाहीत आणि खिडकीतून नदी दिसते म्हणून वाढतही नाहीत.

पण ग्लासातल्या बिअरवर खरा हात असतो तळघराचा. नऊ गॅलनचं पिंप, त्याला फर्किन म्हणतात, तळघरात घोडीवर आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी पाचरी मारतात, म्हणजे ते हलणार नाही. मग वरच्या बुचात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात. तिच्यातून जास्तीचा गॅस निघू लागतो आणि खुंटीभोवती फेस बुडबुडतो. तळघर सांभाळणारा तो फेस फडक्याने पुसतो आणि पुन्हा यायला किती वेळ लागतो ते पाहतो. फेस लगेच आला तर बिअर अजून तयार नाही. सावकाश येऊ लागला की मऊ खुंटी काढून कडक लाकडाची ठोकायची, म्हणजे उरलेला गॅस बिअरमध्येच राहतो. गाळ तळाशी बसेपर्यंत थांबायचं. तळघराचं तापमान ११ ते १३ अंशांच्या आसपास राखायचं. यात घाई केली तर बिअर गढूळ येते, आणि खुंटी वेळेवर बदलली नाही तर ती मेलेली लागते.

गाळ लवकर बसावा म्हणून ब्रुअऱ्या बहुधा पिंपात आयसिंग्लास घालतात. तो माशांच्या वाताशयापासून बनतो. ब्रिटनला जाणाऱ्या शाकाहारी मराठी माणसाला हे ठाऊक असलेलं बरं. आता अनेक छोट्या ब्रुअऱ्या तो न घालता बिअर देतात आणि तशी पाटीही लावतात. ती बिअर थोडी धुरकट दिसते, पण त्यावरून ती बिघडलीय असं समजायचं कारण नाही.

पहिल्यांदा रिअल एल पिणाऱ्याच्या तक्रारी ठरलेल्या असतात: बिअर कोमट आहे, तिच्यात बुडबुडे नाहीत. या दोन्हींत बिअरचा दोष नसतो, तिची जातच तशी. पण ती आंबट लागली, व्हिनेगरचा वास आला, तर तक्रार खरी आहे. तेव्हा ग्लास परत करायचा. चांगल्या पबमध्ये वाद न घालता बदलून देतात आणि त्या पंपावरची बिअरच्या नावाची पाटी उलटी फिरवून बिअर बंद केल्याचं दाखवतात.

आता थोडा हिशेब. फर्किनमध्ये ७२ पाइंट मावतात. पिंप एकदा टोचलं की आत हवा जाते आणि बिअर साधारण तीन दिवसांत संपवावी लागते, नाहीतर तिची चव उतरते. म्हणजे एका पंपावर रोज २४ पाइंट खपायला हवेत. चार पंप असतील तर जवळजवळ शंभर. खप कमी झाला की पिंप चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत चालवण्याचा मोह होतो, बिअर बिघडते, मत बिघडतं, माणसं कमी येतात, खप आणखी घटतो. केगच्या टाकीला हा त्रास नाही, कारण ती आठवडेच्या आठवडे टिकते.

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली या हिशेबात आहे. रिअल एलच्या पबमध्ये गिऱ्हाईक फक्त बिअरचा न्याय करायला बसलेलं नसतं. बिअर चांगली राहण्यात त्याचाही वाटा असतो. पब भरलेला असला की बिअर ताजी असते. असा पब पाच-सहा महिने डबघाईला जाऊ दिला तर त्याच्याबद्दल वाईट मत आपोआप तयार होतं, आणि मग 'इथे कोणी येत नाही' म्हणून तो विकायला कारणही मिळतं. इंग्लंडमधल्या अनेक पबांची हीच गत झाली.

मालक कोण होता

आयव्ही हाउसची आत्ताची इमारत १९३०च्या दशकातली. ट्रुमन्स या ब्रुअरीसाठी तिचे घरचे वास्तुविशारद ए. ई. सीवेल यांनी ती बांधली. आत लाकडी तक्तपोशीच्या भिंती आणि त्या काळची मांडणी बरीचशी शिल्लक आहे. कॅमराच्या ऐतिहासिक अंतर्भाग असलेल्या पबांच्या यादीत त्याचं नाव आहे. १९७०च्या दशकात याच जागेला 'न्यूलँड्स टॅव्हर्न' म्हणत आणि तेव्हाच्या पब रॉकचं, म्हणजे पबांमध्ये वाजणाऱ्या रॉक संगीताचं, ते एक ठाणं होतं. डॉ. फीलगुड, इयन ड्युरी यांच्यासारखे कलाकार इथे वाजवून गेले.

ज्या ब्रुअरीने पब बांधला तिची बिअर तिथे विकायची, ही इंग्लंडची जुनी पद्धत. ट्रुमन्सचा कारखाना ब्रिक लेनवर होता. १९८९ मध्ये तो बंद पडला. त्याच वर्षी सरकारने 'बिअर ऑर्डर्स' काढल्या. दोन हजारांहून जास्त पब असलेल्या ब्रुअऱ्यांनी त्यावरच्या पबांपैकी निम्मे बंधनातून सोडावेत, असा त्यांचा गाभा होता. हेतू गिऱ्हाइकाला निवड मिळावी हा होता. झालं असं की ब्रुअऱ्यांनी पब विकले आणि ते एकगठ्ठा घेणाऱ्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांना 'पबको' म्हणतात. या कंपन्या बिअर बनवत नाहीत. त्या पब भाड्याने देतात आणि भाडेकरूने बिअर त्यांच्याकडूनच घ्यावी अशी अट घालतात, बाजारभावापेक्षा चढ्या दराने. एंटरप्राइज इन्स ही त्यांतली एक मोठी कंपनी होती.

२००८ नंतर कर्जांनी दबलेल्या पबकोंनी पब विकायला काढले. लंडनमध्ये पबच्या उत्पन्नापेक्षा त्याच जागेवरचे फ्लॅट कितीतरी पटींनी महाग. तळघरात कोणी किती निगुतीने खुंटी बदलतोय याने त्या आकड्यांत काही फरक पडत नव्हता. कंपनीला मी यात खलनायक ठरवत नाही. ज्या नियमांत ती होती त्यांत हा व्यवहार सरळ होता. दोष नियमांत होता. पबच्या विक्रीत रोज तिथे बसणाऱ्यांना पक्ष म्हणून कुठे जागाच नव्हती.

दोन याद्या

पब बंद होताच परिसरातले काही नियमित गिऱ्हाईक एकत्र आले. त्यांनी पहिली धाव घेतली ती वारसा जतन करणाऱ्या इंग्लिश हेरिटेजकडे, आणि इमारतीला तातडीने संरक्षित इमारतींच्या यादीतला ग्रेड टू दर्जा मिळवला. त्यामुळे फ्लॅटचा बेत अडला. आतल्या तक्तपोशीला हात लावायचा तर आता खास परवानगी लागणार होती.

पण हा दर्जा इमारतीला असतो, धंद्याला नसतो. भिंती जशाच्या तशा ठेवून आत आणखी काही थाटायला तो पुरेसा अडथळा नाही. आणि रिकामी ठेवलेली इमारत तर कुठल्याच यादीने भरत नाही.

दुसरं हत्यार नवंकोरं होतं. लोकलिझम ॲक्ट २०११ मध्ये संमत झाला आणि समाजोपयोगी मालमत्तांबद्दलचे त्याचे नियम सप्टेंबर २०१२ मध्ये लागू झाले. स्थानिक लोकांचा गट, साधा नोंदणी नसलेला असेल तर किमान २१ स्थानिक मतदारांचा, एखादी जागा 'समाजमूल्याची मालमत्ता' म्हणून यादीत घालायची मागणी काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, करू शकतो. काउन्सिलने आठ आठवड्यांत निर्णय द्यायचा. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाला ती जागा विकायची असेल तर आधी कळवावं लागतं. मग सहा आठवड्यांच्या आत एखाद्या स्थानिक गटाने आपण बोली लावू इच्छितो असं सांगितलं, की एकूण सहा महिने ती जागा दुसऱ्या कोणाला विकता येत नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये ननहेड ज्या भागात येतं त्या सदर्कच्या काउन्सिलने आयव्ही हाउसची नोंद केली. या कायद्याखाली यादीत गेलेला तो देशातला पहिला पब.

मत कायद्याच्या भाषेत कसं घातलं गेलं, ते इथे पाहण्यासारखं आहे. या अर्जात बिअर कशी लागते हे कोणी विचारत नाही. कायदा विचारतो, या जागेच्या वापरामुळे स्थानिक समाजाच्या हिताला, त्याच्या भेटीगाठींना, करमणुकीला हातभार लागतो का, आणि पुढेही लागेल का. म्हणजे 'इथली बिअर उत्तम असते' हे मत निरुपयोगी. 'इथे अमुक दिवशी लोकगीतांची बैठक असते, अमुक मंडळाच्या सभा होतात, एकटे राहणारे म्हातारे दुपारी येऊन बसतात, लहान मुलं घेऊन येता येतं' हे उपयोगी. चवीबद्दलची मतं एकेकट्याची असतात आणि त्यांवर भांडणं होतात. कोण कुणाला कुठे भेटतं ही माहिती मात्र तपासता येते आणि तिच्यावर काउन्सिलच्या अधिकाऱ्याला सही करता येते. ननहेडच्या लोकांनी हे वेळेत ओळखलं, हे त्यांचं खरं यश असं मी म्हणेन.

पैसे

सहा महिन्यांत किमतीची सोय करायची होती, आणि किंमत होती ८,१०,००० पौंड. कायदा वेळ देतो, पैसा देत नाही. मालकाने गटालाच विकावं असंही बंधन नाही. मुदत संपली की तो ज्याला हवं त्याला, हव्या त्या भावाने विकू शकतो. म्हणून बोली पूर्ण भावाचीच लावावी लागली. आर्किटेक्चरल हेरिटेज फंडकडून कर्ज आणि सोशल इन्व्हेस्टमेंट बिझनेसकडून अनुदान मिळालं. ग्रेड टू दर्जाचा इथे दुसऱ्यांदा उपयोग झाला, कारण हेरिटेज फंड वारसा इमारतींसाठीच असतो. मार्च २०१३ मध्ये खरेदी झाली. त्यानंतर सामुदायिक भाग विकून आणखी १,४२,६०० पौंड उभे केले, ते पब चालू करायला.

एकाने कितीही भाग घेतले तरी एका सभासदाला एकच मत, हे या भागांचं तत्त्व. मराठी वाचकाला ते समजावून सांगायला नको. रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये रुजवलेली ही पद्धत आपल्याकडे १९०४ च्या सहकारी कायद्यातून आली आणि १९५० मध्ये प्रवरानगरच्या साखर कारखान्यापर्यंत पोचली. उसाचा शेतकरी कारखान्याचा मालक होतो तेव्हा त्याला भावाइतकीच गाळपाचीही काळजी लागते. इथे पिणारा मालक झाला आणि त्याला आपल्या पाइंटबरोबर तळघराचं वीजबिलही दिसू लागलं.

हा पहिलाच प्रयोग होता असं नाही. उत्तर इंग्लंडच्या कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने 'ओल्ड क्राउन' हा आपला पब २००३ मध्येच सहकारी तत्त्वावर घेतला होता. पण तिथे आधीचे चालक स्वतः विकायला तयार होते आणि गाव लहान होतं. लंडनच्या जमिनीच्या भावात, विकासकाच्या तोंडून जागा काढून घेणं हे कितीतरी अवघड.

मालक झालेल्या गिऱ्हाइकाचं मत

सहकारी पबची गोष्ट इथे थांबवली जाते आणि सगळे खूश होतात. पण पुढचं सांगितल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही.

२०१८ मध्ये आयव्ही हाउसच्या कर्मचाऱ्यांनी संप केला. चौघांना कामावरून काढलं गेलं होतं, आणि मूळ तक्रार कामाच्या तासांची हमी नसलेल्या करारांची होती. बेकरी आणि खाद्यकामगारांच्या संघटनेने संपाला पाठिंबा दिला. चौघांना परत घ्यावं लागलं आणि संघटनेला मान्यता मिळाली. ज्या पबवर परिसराला अभिमान होता त्याच्याच दाराबाहेर फलक घेऊन माणसं उभी राहिली होती.

यावरून सहकारी मालकी फोल ठरते असं मला वाटत नाही. पण पब वाचवण्याच्या सगळ्या खटपटीत ज्यांची मतं मोजली गेली ती काउंटरच्या अलीकडच्यांची होती. अर्जात, भागांमध्ये, सभेत तेच होते. पिंपावर खुंटी ठोकणारा, मध्यरात्री नळ्या धुणारा माणूस कुठल्याच यादीत नव्हता. रिअल एलच्या पबमध्ये तर हे जास्तच खटकतं, कारण गिऱ्हाइकाचं मत शेवटी त्याच्याच हातांवर अवलंबून असतं. अशा पबच्या नियमावलीत कर्मचाऱ्यांना पहिल्या दिवसापासून जागा असायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयव्ही हाउसनंतर काही वर्षांतच हजाराहून जास्त पब समाजमूल्याच्या मालमत्तांच्या यादीत गेले. सगळे वाचले नाहीत. त्याच सुमारास आणखी एक प्रकार गाजला. पश्चिम लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न एप्रिल २०१५ मध्ये विकासकाने परवानगी नसताना पाडला. स्थानिक लोक आणि वेस्टमिन्स्टर काउन्सिल हटून बसले. पब होता तसा पुन्हा बांधायचा आदेश निघाला आणि २०२१ मध्ये तो उघडला. २०१७ च्या मे महिन्यापासून इंग्लंडमध्ये कुठलाही पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला नियोजन परवानगी लागते, मग तो यादीत असो वा नसो.

लोकलिझम ॲक्टमधली मोठी उणीव मात्र तशीच राहिली होती: थांबायचा हक्क आहे, विकत घ्यायचा नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने नोंद केलेल्या स्थानिक संस्थांना पहिल्या खरेदीचा हक्क दिला आहे. इंग्लंडसाठी तशी तरतूद असलेलं विधेयक जुलै २०२५ मध्ये संसदेत मांडलं गेलं. त्यात सहा महिन्यांची मुदत बारा महिने करायची आणि यादीतली जागा आधी स्थानिक गटालाच देऊ करायची, असं म्हटलं होतं.